शेवटची दोन षटके आणि नागपूरचा इशारा

अमरावती जिल्ह्यातील एका गावातून आलेले हे पत्र बरेच लांब आहे, म्हणून त्यातला मुद्दा थोडक्यात देतो. पत्रलेखक ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहेत. आयपीएलच्या हंगामात संध्याकाळचे सामने ते प्रोजेक्टर लावून शाळेच्या मैदानावर साऱ्या गावाला दाखवतात आणि या कामाचे त्यांना कोणी पैसे देत नाही. गेल्या आठवड्यात सामन्याची शेवटची दोन षटके उरलेली असताना तहसीलच्या व्हॉट्सअॅप गटावर नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा आला: पुढील तीन तासांत जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह पाऊस आणि वादळी वारे. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, माइक हातात घेतला आणि आलेला संदेश अक्षरशः पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. प्रोजेक्टरचा दिवा थंड होऊन पुन्हा पेटेपर्यंत सामना संपला होता. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा यांनीही माइकवरूनच ‘उद्या कोणाचा जीव गेला तर मग मला बोलू नका’ असे सुनावले. त्या रात्री गावात पावसाचा एक थेंब पडला नाही. आता पोरे त्यांना ‘वेधशाळा’ म्हणून हाक मारतात आणि सरपंचांनी ‘यापुढे मला विचारल्याशिवाय मॅच बंद करायची नाही’ अशी ताकीद दिली आहे. त्यांचा प्रश्न असा की, आपले चुकले काय, आणि पुन्हा असा इशारा आला तर गप्प बसावे काय.

गप्प बसू नका. सामना थांबवून लोकांना सावध करणे योग्यच होते आणि त्याबद्दल तुम्ही कोणाची माफी मागण्याचे कारण नाही. परंतु ज्या रीतीने तुम्ही तो थांबवला, त्या रीतीबद्दल गावकऱ्यांची तक्रार मला पुष्कळशी रास्त वाटते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळे तुमचा मनस्ताप वाढला आहे, म्हणून त्या वेगवेगळ्या करून पाहू.

आधी ‘काहीच झाले नाही’ या आक्षेपाचे पाहू, कारण सरपंचांचा सगळा भर त्यावरच दिसतो. इशारा तुमच्या गावासाठी नव्हता, जिल्ह्यासाठी होता, आणि अमरावती जिल्हा हा चौदा तालुक्यांचा, बारा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा प्रदेश आहे. वरूड-मोर्शीकडे गारा पडून संत्र्याचा बहार झडावा आणि दर्यापूरकडे त्याच वेळी आकाशात चांदण्या दिसाव्यात, हे आपल्याकडे नवे नाही. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा अर्थच असा की, जिल्ह्यातील बहुतेक गावे कोरडी राहतील आणि काही थोड्या गावांना तडाखा बसेल. ती गावे कोणती, हे तीन तास आधी खात्रीने सांगता येत नाही. अमेरिकेतही पूर्वी चक्रीवादळाचा (तिकडच्या टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून सोंडेसारख्या जमिनीवर उतरणाऱ्या वावटळीचा) इशारा संपूर्ण परगण्याला दिला जाई. २००७ च्या ऑक्टोबरपासून तेथे ढगाच्या वाटचालीनुसार नकाशावर आखलेल्या लहान क्षेत्रापुरता इशारा देण्याची पद्धत सुरू झाली. तेवढे करूनही तेथील चक्रीवादळाच्या इशाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के इशाऱ्यांनंतर प्रत्यक्षात वादळ जमिनीला टेकत नाही. तेव्हा एका कोरड्या रात्रीवरून तुमचा इशारा खोटा ठरवणे बरोबर नाही.

लोकांच्या रागाचेही फार मनाला लावून घेऊ नका, कारण तो राग तुमच्या गावापुरता नाही. १४ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेत मास्टर्स या गोल्फ स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती आणि टायगर वुड्स बऱ्याच वर्षांनी मोठे विजेतेपद मिळवण्याच्या बेतात होता. अटलांटा शहरातील एका वाहिनीच्या हवामान निवेदिकेने चक्रीवादळाचा इशारा देण्यासाठी ते प्रक्षेपण मध्येच थांबवले, तर तिला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. यातली मौज अशी की, त्या दिवशी वादळाचा अंदाज होता म्हणून खुद्द स्पर्धेच्या संयोजकांनी खेळ नेहमीपेक्षा लवकर सुरू केला होता. म्हणजे मैदानावरच्या खेळाडूंना हवामानाप्रमाणे वागायला लावणे सगळ्यांना मान्य होते आणि घरात बसलेल्या प्रेक्षकाला मात्र त्याची आठवणसुद्धा नको होती. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ओहायो राज्यातील डेटन येथे एका लोकप्रिय मालिकेच्या मध्ये इशारा दिला गेला, तेव्हाही प्रेक्षकांनी तक्रारींचा भडिमार केला आणि तेथील हवामान निवेदकाने चिडून त्यांना पडद्यावरूनच फटकारले. त्या रात्री डेटन परिसरात चक्रीवादळांनी खरोखरच घरेच्या घरे उद्ध्वस्त केली. निवेदक बरोबर होता, तरीही माइकवरून भांडण करण्याची त्याची पद्धत तुम्ही उचलू नये असे मी म्हणेन, कारण भांडण सुरू झाले की लोकांना भांडणच आठवते आणि विजेचे कोणी ऐकत नाही.

आता ज्या गोष्टीची मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी वाटली, ती तुम्ही एका वाक्यात सहज लिहून पुढे गेला आहात. पडद्याची एक बाजू मैदानाच्या कडेच्या मोठ्या लिंबाला बांधलेली असते, दुसरी बाजू विजेच्या खांबाला, आणि म्हातारी माणसे व लेकरे त्या लिंबाखालच्या टिनाच्या मांडवात बसतात, असे तुम्ही लिहिता. म्हणजे इशारा वावरात गेलेल्या माणसांसाठी आहे, असे समजून तुम्ही तो वाचत होता, आणि त्या क्षणी गावात सर्वांत धोक्याच्या जागी बसलेली माणसे तुमच्या समोरच होती. ९ एप्रिल २०२३ च्या रविवारी संध्याकाळी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळी वाऱ्याने लिंबाचे जुने झाड मंदिराजवळच्या टिनाच्या शेडवर कोसळले आणि आडोशाला थांबलेल्यांपैकी सात जण दगावले. त्याच दिवशी अहमदाबादच्या सामन्यात रिंकू सिंहने अखेरच्या षटकात सलग पाच षटकार मारून कोलकात्याला जिंकून दिले होते. तो सामना तुमच्या गावात कोणी पाहिला असेल, तर तारीख सांगताच त्याला आठवेल. सरपंचांशी बोलताना पारसचे नाव जरूर काढा. आपल्याच विदर्भातले, तसेच लिंबाचे झाड आणि तसेच टिन आहे म्हटल्यावर बोलण्याचा सूर बदलेल.

आयपीएलचा हंगाम आणि आपल्याकडच्या अवकाळीचा हंगाम एकच आहे, हेही लक्षात घ्यावे. मार्च ते मे या काळात दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उभे राहतात आणि दिवेलागणीच्या सुमारास किंवा रात्री ते कोसळतात. सामना साडेसातला सुरू होतो. देशात वीज पडून दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसे मरतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली ही संख्या २,८८७ होती. त्यांत शेतात किंवा उघड्यावर असलेल्यांचा भरणा मोठा असतो. आपल्या गावात सामन्याच्या वेळी बाहेर कोण असते, ते तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. शेतीपंपाची लाइन ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात ओलितासाठी गेलेला माणूस, रोही आणि रानडुकरांपासून भुईमूग राखायला जागलीवर गेलेला माणूस, धुऱ्यापलीकडे मेंढ्या बसवलेला मेंढपाळ. यांच्यापैकी कोणीच तुमच्या पडद्यासमोर नसतो, पण त्यांचा मोबाइल नंबर असलेली माणसे मात्र सगळी तेथेच बसलेली असतात. सामना थांबवण्याचे हेच सर्वांत भक्कम कारण आहे. गावाचे एवढे लोक एका ठिकाणी, एका भोंग्याच्या टप्प्यात, दुसऱ्या कोणत्याही संध्याकाळी सापडणार नाहीत.

मात्र प्रत्येक संदेशाला सामना थांबवाल, तर महिन्याभरात तुमचे कोणी ऐकणार नाही. २२ मे २०११ रोजी अमेरिकेतील जॉप्लिन या गावी चक्रीवादळात दीडशेहून अधिक माणसे मेली. त्यानंतर तेथील हवामान खात्याने केलेल्या पाहणीत दिसले की, भोंगे वाजूनही पुष्कळ लोक लगेच आडोशाला गेले नाहीत. भोंगे नेहमीच वाजतात, म्हणून दुसरी काही खूण पटेपर्यंत ते थांबून राहिले. आपल्याकडे पिवळा, नारिंगी, लाल असे रंग ठरवून दिलेले आहेत ते याचसाठी. दिवसाच्या सुरुवातीला येणारा पिवळा इशारा सामना सुरू होण्याआधी एकदा सांगून मोकळे व्हावे. त्यासाठी खेळ अडवण्याची गरज नाही. पुढच्या तीन तासांसाठीचा तातडीचा इशारा आला आणि त्यात तुमच्या जिल्ह्याचे नाव असले, तर तो सांगायचाच, पण षटक संपेपर्यंत थांबून. आणि नारिंगी किंवा लाल इशाऱ्याबरोबर गावातूनच विजा दिसू लागल्या, गडगडाट ऐकू येऊ लागला किंवा वारा सुटला, तर मग कोणाला किती चेंडूंत किती धावा हव्या आहेत याचा विचार न करता सामना बंद करून माणसे उठवायची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप तुमच्या फोनमध्ये असू द्या. वीज आपल्यापासून वीस किंवा चाळीस किलोमीटरच्या आत पडत असल्यास ते सांगते, त्यामुळे जिल्ह्याचा इशारा आपल्या गावापर्यंत आला की नाही याचा अंदाज घेता येतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ अॅपही ठेवावे, म्हणजे व्हॉट्सअॅपवर कोणी गेल्या वर्षीचा संदेश पुढे ढकलला असेल तर तो ओळखता येईल.

फोनला रेंज नसली तरी एक खूण तुमच्या पडद्यावरच मिळते. घरोघरच्या डिश दक्षिणेकडच्या आकाशाकडे रोखलेल्या असतात आणि त्या वाटेत पाण्याने भरलेला दाट ढग आला की चित्राचे चौकोन चौकोन होऊन ते फुटू लागते. मैदान कोरडे असताना चित्र असे फुटू लागले, तर ढग अगदी जवळ येऊन ठेपला असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी गच्चीवर चढून डिश हलवायला पोराला पाठवणे, जे गावोगाव सर्रास चालते, ते तर मुळीच करू नये.

आता सांगण्याच्या रीतीविषयी. नुसता इशारा सांगायचा असेल तेव्हा प्रोजेक्टर बंद करू नका. चित्र चालू ठेवा आणि फक्त आवाज तोडा. चित्र दिसत असले की माणूस जागेवरून हलत नाही आणि कानही उघडे राहतात. चित्र गेले की आधी शिव्या सुरू होतात. कमी निकडीच्या सूचनेसाठी आयपीएलमध्ये प्रत्येक डावात दोनदा अडीच-अडीच मिनिटांचा टाइम-आउट असतो आणि दोन षटकांच्या मध्ये जाहिराती असतात. त्या वेळेत तुमचे सांगणे सहज बसते, कारण खरे सांगायचे तर ते अर्ध्या मिनिटाचे असायला हवे. तुम्ही जावक क्रमांकापासून अकरा जिल्ह्यांच्या यादीपर्यंत सगळे वाचले, आणि त्या गर्दीत आपल्या गावाने काय करायचे ते शेवटी राहूनच गेले. धोका कशाचा, किती वाजेपर्यंत, आणि आत्ता काय करायचे, एवढेच सांगायचे असते, तेही घरी बोलतो त्या भाषेत. उदाहरणार्थ असे:

‘मंडळी, जरा ऐका. नागपूरच्या हवामान केंद्रानं सांगतलं हाये, रात्री दहा वाजेपर्यंत आपल्या भागात इजा पडू शकते, वारं-वादळ बी येऊ शकते. ओलिताले, जागलीवर कोनी गेलं असन तं त्याले आत्ताच फोन लावा अन् घरी बलवा. झाडाखाली, टिनाखाली कोनी थांबू नका. ढोरं झाडाखाली बांधली असतीन तं गोठ्यात घ्या. झालं, आता मॅच पाहा.’

हे वाचायला तुम्हाला अर्ध्या मिनिटाहून फारसा अधिक वेळ लागणार नाही. शक्य असेल तर हे तुम्ही सांगू नका; ज्याच्या बोलण्याला गावात वजन आहे अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या किंवा आशाताईंच्या हाती माइक द्या. चोवीस वर्षांच्या पोराने सांगितलेले आणि पंचावन्न वर्षांच्या बाईने सांगितलेले यांत गाव फरक करते. करू नये, पण करते, आणि वादळ येत असताना ते सुधारत बसायला वेळ नसतो.

माणसे उठवायची वेळ आली, तर ती कोठे पाठवायची हे आधी ठरलेले असावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब आहे, आणि मोजणी तिसाच्या आत आटोपली तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्या मैदानावर पडू शकते. पाऊस सुरू व्हायचा आहे म्हणून अवकाश आहे, असे समजू नये; पावसापासून कित्येक किलोमीटर दूर कोरड्या जागीही वीज पडते. शाळेच्या स्लॅबच्या खोल्या सर्वांत बऱ्या, पण त्यांची किल्ली सामन्याच्या वेळी कोणाकडे असते ते पाहा. मुख्याध्यापक तालुक्याला राहत असतील आणि किल्ली त्यांच्या घरी असेल, तर त्या खोल्यांचा काही उपयोग नाही. चारी बाजूंनी उघडा टिनाचा मांडव, झाड, खांब आणि पडद्याचा लोखंडी सांगाडा यांपासून लोकांना दूर ठेवा. आणि तुम्ही स्वतःकडेही पाहा. लांबलचक वायरचा माइक हातात धरून, मैदानभर पसरलेल्या वायरींच्या मध्ये, खांबाला जोडलेल्या यंत्राजवळ उभा राहिलेला माणूस म्हणजे तुम्ही आहात. विजा जवळ आल्या की शेवटची सूचना देऊन मेन स्विच पाडा आणि सर्वांबरोबर आत जा; सामान भिजले तर भिजू द्या.

सरपंचांच्या ताकिदीचे काय करावे, हा प्रश्न उरतो. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण त्यांचेही एक म्हणणे योग्य आहे: गावाचा कार्यक्रम कधी थांबवायचा, हे एका माणसाच्या मनावर असू नये. पण वादळ गावाच्या वेशीवर आल्यावर सरपंचांना फोन लावत बसणे, आणि ते एखाद्या लग्नाच्या वरातीत असल्यामुळे फोन न उचलणे, हाही काही उपाय नाही. म्हणून परवानगी आधीच घेऊन ठेवा. १ मे रोजी ग्रामसभा होते. त्या सभेत हा विषय मांडून कोणत्या इशाऱ्याला नुसते सांगायचे, कोणत्या परिस्थितीत सामना बंद करायचा, तो निर्णय तुम्ही आणि आणखी कोणी एकाने मिळून घ्यायचा आणि शाळेची किल्ली कोणाकडे राहायची, एवढे इतिवृत्तात लिहून घ्या. कोणी कुरकुर केलीच, तर त्यांना क्रिकेटचाच नियम सांगा. मैदानावर धोका आहे असे दोन्ही पंचांचे मत झाले की त्यांनी खेळ ताबडतोब थांबवावा, असे क्रिकेटच्या नियमांतच लिहिलेले आहे. विजांमुळे खेळाडू तंबूत परतले, म्हणून पंचांना कोणी ‘वेधशाळा’ म्हणून चिडवत नाही. जी काळजी कोट्यवधी रुपयांच्या खेळाडूंची घेतली जाते, तीच फुकट सामना पाहणाऱ्या आपल्या माणसांची घेतली, यात कोणाचे काय जाते, असे सभेत विचारून पाहा.

तोपर्यंतच्या सामन्यांसाठी पडदा झाडावरून आणि खांबावरून सोडवून शाळेच्या भिंतीवर लावा. भिंत पांढरी असेल तर पडद्याचीही गरज पडणार नाही, आणि लोक आपोआप व्हरांड्याच्या जवळ बसतील. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास गेल्याशिवाय कोणाला पुन्हा मैदानावर येऊ देऊ नका, मग सामन्याचे काहीही झालेले असो. तेवढ्यात तो संपला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामना सुरू होण्याआधी आदल्या रात्रीची राहिलेली षटके दाखवा. ती दहा मिनिटांची क्षणचित्रे इंटरनेटवर सहज मिळतात, आणि तुमच्यावर चिडलेली पोरे ती पाहायला सगळ्यांच्या आधी येऊन बसतील.